सेतू मास्तरांचे कान

सेतुमाधव मास्तर शर्यत डोळे मिटून बघायचे. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली घडीची खुर्ची, खुर्चीत मास्तर, मांडीवर पांढरी टोपी, आणि डोळे घट्ट मिटलेले. समोरून अकरा मुली धापा टाकत चालल्यात आणि शिकवणारा माणूस झोपलाय, असं कुणालाही वाटावं. मलाही वाटलं. मुलीला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेलो, तेव्हा मी तिच्या कानात म्हणालोसुद्धा, "तुझे सार झोपलेत. आपण उद्या येऊ." त्यावर डोळे न उघडता मास्तर म्हणाले, "रघू, तुझी डावी चप्पल टाचेस झिजली आहे. ती टाक. कंबर धरेल."

आम्ही बत्तीस वर्षांनी भेटत होतो. शाळेत ते आमचे पीटीचे मास्तर होते आणि मी त्यांच्या तासाला पाण्याच्या टाकीमागे बसून चुरमुऱ्यांचे उंडे खाणारा विद्यार्थी. त्यांनी मला धावताना कधी पाहिलं नव्हतं, पण पळून जाताना रोज ऐकलं होतं. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला पकडलं. माझं वजन तेव्हापासून दुप्पट झालंय, पाऊल मात्र, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "तेच, चोराचे."

मास्तर आमच्यातलेच, तंजावूरचे मराठी. निवृत्त झाल्यावर पापनाशमला राहायला गेले होते. रोज सकाळच्या गाडीने यायचे, बायकोला, म्हणजे पद्माकाकूंना, घेऊन. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना जुन्या पत्रांतली वाटते. मास्तरांची मराठी आम्हाला जुनी वाटायची, यावरून काय ते समजा. मैदानावर पाऊल ठेवताच त्यांचा पहिला प्रश्न, "अस्क्यांनी खाल्ले का?" अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. अकराच्या अकरा मुली तमिळमध्ये ओरडायच्या, "खाल्लं, सार!" की मास्तर पिशवीतून डबा काढायचे. डब्यात शेंगदाण्याची चिक्की. ती पापनाशमच्या एकाच दुकानातली असायची, दुसरीकडची त्यांना चालायची नाही. प्रत्येकीच्या हातावर दोन तुकडे ठेवून ते म्हणायचे, "खाल्ले असे सांगू नकोस. मजसमोर खा." आणि शेवटचा घास गिळेपर्यंत बघत राहायचे. मास्तरांचे डोळे उघडे असायचे ते धावणं सुरू होईपर्यंतच.

मग मुलींनी रांगेत बसायचं आणि आपापला अंगठा आपापल्या नडगीवरून दाबत खाली न्यायचा. मास्तर त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. "पाय खोटे बोलतो," असं ते म्हणायचे, "भुवई बोलत नाही." हे झाल्याशिवाय धावायला सुरुवात नाही.

सगळ्यात नवलाची गोष्ट काकूंच्या पायाशी असायची. पल्लांगुळीचा पाट. आमच्याकडच्या बायका दुपारच्या खेळतात तो. लाकडी, लांबट, चौदा खळग्यांचा, चिंचोके टाकून खेळायचा. या पाटावर कुणी खेळत नसे. एकेक खळगा एकेका मुलीचा होता. जिला महिन्याची पाळी आली, तिने त्या दिवशी काकूंकडून एक चिंचोका मागून घ्यायचा आणि आपल्या खळग्यात टाकायचा. बोलायचं काही नाही. मास्तरांना सांगायचंही काही नाही. एखादा खळगा दोन महिने तसाच राहिला, की काकू मास्तरांची बाही ओढायच्या, आणि त्या मुलीचं धावणं त्या दिवसापासून निम्मं व्हायचं. डॉक्टरणीकडे जाऊन येईपर्यंत.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वर कडुनिंबाकडे बघायला लागलो.

"काय रे," मास्तर म्हणाले, "तू जीवशास्त्र शिकवितोस ना?"

"हो, मास्तर."

"मग झाडाकडे काय बघतोस?"

"झाडंही जीवशास्त्रातच येतात, मास्तर," मी म्हणालो. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

आता हे जीवशास्त्राचं सांगूनच टाकतो, कारण पुढे माझी अब्रू जाणार आहे ती यातच. मी बारावीला शिकवतो. दरवर्षी फळ्यावर स्त्रीच्या अठ्ठावीस दिवसांच्या चक्राचा आलेख चार रंगांच्या खडूंनी काढतो. पाच मार्कांचा हमखास प्रश्न. माझ्या आलेखाची आमच्या शाळेत ख्याती आहे. दुसऱ्या तुकडीची मुलं खिडकीतून उतरवून घेतात. अशा माणसाच्या घरात काय चाललं होतं ते ऐका.

घर म्हणजे राजवाड्यालगतच्या गल्लीतला भाड्याचा पहिला मजला. बायको वसुधा बँकेत, बदली कोईमतूरला. एका शनिवारआड यायची. घर चालवायची माझी थोरली बहीण, अक्का. अक्काच्या राज्यात पाळी आलेल्या बाईने तीन दिवस दूर बसायचं. मागच्या खोलीत वेगळी चटई, वेगळा पेला, देवाकडे फिरकायचं नाही. मी या प्रथेच्या विरुद्ध आहे. गेली वीस वर्षं विरुद्ध आहे. अक्काला ते अजून कळलेलं नाही, इतकंच.

आणि मैथिली, आमची मुलगी. सोळा वर्षांची, पंधराशे मीटर धावणारी. आमच्या घराण्यात आजवर कुणी बससाठीसुद्धा धावलेलं नाही, त्यामुळे ती जिल्ह्यात पहिली आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि आठवडाभर पोट आत घेऊन चाललो. सुटीत ती बाहेरगावी एका शिबिराला जाऊन आली. तिथल्या तरुण कोचने तिला सांगितलं, दोन किलो कमी कर, उडशील. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की तिचा डबा शाळेतून चाटूनपुसून रिकामा येतो. तो कोण रिकामा करतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

नवरात्र आलं. आमच्याकडे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, नऊ दिवस बायकांची ये-जा. दरवर्षी त्यातले तीन दिवस मैथिली मागच्या खोलीत रुसून बसायची आणि अक्का पुढच्या खोलीत धुमसायची. या वर्षी काहीच नाही. नऊच्या नऊ दिवस पोरीने आरत्या म्हटल्या, प्रसादाची हरभऱ्याची सुंडल वाटली. दिवाळी तशीच गेली. कार्तिकातले दिवे, पोंगल, माझ्या वडिलांचं श्राद्ध, सगळं सुरळीत. अक्का म्हणाली, "देवीने पोरीस समज दिली." खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. घरात शांतता होती, आणि शांतता असली की मी कारण विचारत नाही.

मासी महिन्यातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली गोष्ट. तिरुचीला राज्याच्या संघाची निवड बारा दिवसांवर आली होती. शनिवारी सकाळी मी मैदानावर गेलो, तर मास्तरांनी खुर्चीशेजारची जमीन दाखवली. "बैस. डोळे मीट."

मी मिटले.

"ऐक. ती येते आहे."

कावळे ऐकू आले. दूर बसचा हॉर्न ऐकू आला. मग पावलं आली आणि गेली.

"काय ऐकलेस?"

"धावत होती," मी म्हणालो.

मास्तरांनी उसासा टाकला. "डावा पाय हलका टाकते. ठेवते आणि उचलते. आज चौथा दिवस."

"तिला विचारलंत?"

"विचारले. दुखत नाही म्हणते, अंगठाही जपून फिरवते. बारा दिवसांवर निवड असता दुखते असे कोण म्हणेल? तू म्हणाला असतास?" मग खुर्ची जरा माझ्याकडे सरकवून, आवाज उतरवून म्हणाले, "आता एक विचारतो. वर बघू नकोस. घरी पोर दूर बसते का?"

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. "मास्तर, आम्ही सुधारलेली माणसं आहोत. मी स्वतः या प्रथेच्या..."

"तुझी सुधारणा राहू दे. बसते की नाही?"

मला खरोखरच माहीत नव्हतं.

"पाटात तिचे चिंचोके पुरे आहेत," मास्तर म्हणाले. "दर नवरात्रास खळगे रिकामे करतो, तेव्हापासून पाच. पाट म्हणतो, सारे ठीक. कान म्हणतात, नाही. तू घरी जा आणि विचार. आज विचार."

घरी अक्का केळफूल सोलत बसली होती. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. पाणी प्यायलो. कॅलेंडरचं पान सरळ केलं. शेवटी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "अक्का, मैथिली शेवटची कधी दूर बसली?"

केळफुलाची पाकळी अक्काच्या हातात तशीच राहिली. बावन्न वर्षांच्या भावाने जन्मात पहिल्यांदा हा विषय काढला होता. "तुज काय करायचे ते?"

"सांग ना."

अक्काची तारखांशी ओळख नाही. ती सणांनी मोजते. बोटांवर मोजत म्हणाली, "महाळयात बसली होती. त्यावर नाही. नवरात्र निर्मळ, दिवाळी निर्मळ, कार्तिक निर्मळ, पोंगल निर्मळ, श्राद्ध निर्मळ. अरे, मी देवीस ओटी बोलले होते, ती भरूनही आले!"

मला आमच्या शाळेतला फळा दिसला. चार रंग. महाळयापासून, म्हणजे पितृपक्षापासून, पाच महिने. मैदानावर पाच चिंचोके आणि घरात एकदाही नाही. दोन्ही ठिकाणांत चालत दहा मिनिटांचं अंतर, आणि पोरीखेरीज दोन्हींकडे जाणारा माणूस मी एकटा.

दुपारी मैथिली शाळेतून आली. मी विचारलं. ती आधी तमिळमध्ये "पोंगप्पा" म्हणाली, म्हणजे जा हो, अप्पा. आणि मग माझं तोंड बघून दप्तर खाली ठेवलं.

"चिंचोके मीच टाकले. काकूंना सांगितलं, आली म्हणून."

"का?"

"नाही टाकला तर सार निम्मं धाववतात. निवड आहे, अप्पा."

"आणि घरी का नाही सांगितलंस?"

"घरी काय सांगायचं? आत्याला बरंच वाटत होतं," ती म्हणाली. "तुम्हालापण." मग मला धीर द्यावा तशी, "काही नसतं अप्पा ते. शिबिरातले कोच म्हणाले, चांगल्या धावणाऱ्या मुलींचं असंच थांबतं. म्हणजे ट्रेनिंग लागू पडतंय."

स्वयंपाकघरातून काहीही आवाज येत नव्हता. अक्का ऐकत होती.

मी वसुधाला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलं, अक्कांना माहीत असेल." अक्काला वाटलं होतं, देवीला माहीत आहे. आणि मला पाच मार्कांचं माहीत होतं.

सोमवारी एक्स-रे काढला. स्वच्छ! नडगी अशी सरळ आणि पांढरीशुभ्र की मी तो फोटो दोनदा बघितला. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या भांड्यातून लगेच राग उसळला. विनाकारण या म्हाताऱ्याने आमची झोप उडवली! तसाच मैदानावर गेलो. मास्तरांनी फोटो उन्हाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"यात काही नाही," मी म्हणालो.

"यात नाही. पण आज सकाळी ती चालत आली. चालतानाही तसेच वाजते."

"मास्तर, तुमचं वय झालं," माझ्या तोंडून निघून गेलं. "डॉक्टर नाही म्हणतात आणि तुमचे कान हो म्हणतात. दहा दिवस राहिलेत. एक शर्यत धावू दे तिला. त्यानंतर तुम्ही म्हणाल तिथे नेतो, म्हणाल तितके महिने घरी बसवतो. एकच शर्यत."

मुलीच्या पायाचा सौदा करणारा मी असा उभा होतो. स्टाफरूममध्ये मी निवडीचं सांगून बसलो होतो, हेही त्यात होतं. ते मी मास्तरांना सांगितलं नाही.

मास्तर रागावले नाहीत. काकूंना म्हणाले, "पाट उचल," आणि मला म्हणाले, "चल."

बसने पापनाशमला गेलो. स्टँडजवळच्या गल्लीत एक लहानसं दुकान होतं, काचेच्या बरण्यांचं. आत स्टुलावर एक बाई. मास्तरांना बघून उठली आणि बरण्यांना धरत धरत पुढे आली. एक पाय ओढत. चाळिशीची असेल, पण पाठीला बाक होता, आमच्या अक्काला साठीत नाही तेवढा.

"ही सेल्वी," मास्तर म्हणाले. "आठशे मीटर. माझी पहिली मुलगी."

"वांगो सार, या," ती मला म्हणाली आणि स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

"हिचा भात मी बंद केला," मास्तर म्हणाले. आवाज शाळेतल्या हजेरीसारखा. "हलकी हो म्हणालो. महिन्याचे तीन दिवस बाकीच्या मुली बुडवीत. ही बुडवीना. वर्षभर एकही दिवस नाही. मी अस्क्यांसमोर हिची पाठ थोपटली. पाहा म्हणालो, अशी निष्ठा हवी. ते तीन दिवस येतच नव्हते, म्हणून ही बुडवीत नव्हती. मज कळले नाही. विचारायची लाज वाटली."

"सार, जुनं कशाला आता," सेल्वी तमिळमध्ये म्हणाली.

"शेवटच्या वळणावर नडगी मोडली. पलीकडच्या टोकाला मज ऐकू आली, वाळकी काठी मोडावी तशी. पण रघू, ते काही अचानक नव्हते. आधी दोन आठवडे तिचे पाऊल निराळे वाजत होते. कानास ऐकू येत होते आणि मी घड्याळ बघत होतो. घड्याळात ती रोज सुधारत होती."

त्या दिवसापासून शर्यतीत त्यांनी घड्याळ बघितलं नाही. समोर असलं तर डोळे तिकडे जातात, म्हणून डोळेच मिटून घ्यायचे. बत्तीस वर्षांनी भेटल्या दिवशी मी या माणसाला झोपलाय म्हणालो होतो.

सेल्वी पुड्यात चिक्की भरत होती. मला म्हणाली, "तुमची मुलगी जेवते का, सार?"

"जेवते ना. डबा रिकामा येतो."

"तुम्ही बघितलंय, तिला जेवताना?"

मी पुडा घेतला. परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले होते आणि मी आठवत होतो की मैथिलीच्या तोंडात घास जाताना मी शेवटचं कधी पाहिलं. पापनाशमपासून तंजावूरपर्यंत आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरणीकडे गेलो. तिने एक्स-रे बाजूला ठेवला. अशी बारीक चीर सुरुवातीला त्यात दिसत नाही म्हणाली, आणि मोठ्या मशीनमधून फोटो काढायला लावला. त्यात दिसली. डाव्या नडगीत, केसासारखी. डॉक्टरीण माझ्याशी बोललीच नाही, मैथिलीशी बोलली. तू धावतेस एवढं आणि खातेस एवढं; शरीराला दोन्ही पुरत नाही. मग ते आधी पाळी थांबवतं, मग हाडाला द्यायचं थांबवतं. सोळाव्या वर्षी हाड भरायचं असतं, तू ते रिकामं करते आहेस. पाळी थांबणं म्हणजे ट्रेनिंग लागू पडणं नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. "आणखी एक-दोन जोरदार शर्यती, की आरपार," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

एक शर्यत. मी एकच मागितली होती.

तिरुचीची निवड आमच्याशिवाय झाली. मैथिली चार महिने धावायची नाही असं ठरलं. ती मास्तरांशी बोलेनाशी झाली. "सारनी माझं वर्ष घालवलं," एवढंच एकदा म्हणाली. मास्तर फोन करायचे, ती घ्यायची नाही. मग ते मलाच विचारायचे, "खाल्ले का? तुजसमोर?" मी हो म्हणायचो, आणि ते खरं असायचं, कारण मी दुपारच्या सुटीत स्कूटरवरून तिच्या शाळेत जाऊन डब्यासमोर बसायला लागलो होतो. मैत्रिणींसमोर सोळा वर्षांच्या मुलीला बापाने याहून मोठी शिक्षा देता येत नाही. महिन्याभरात ती म्हणाली, "अप्पा, उद्यापासून नका येऊ, मी शप्पथ सगळं खाईन." मी तरी आठवडाभर गेलो. शप्पथ वगैरे ठीक आहे. चिंचोक्यांच्या वेळी तिने काकूंच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं.

अक्काचं निराळंच झालं. ती भातावर तूप वाढायची आणि समोर बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "रघू, मी ओटी भरली रे. पोर आजारी पडली म्हणून देवीची ओटी भरून आले मी." मीही त्या ओटीचा प्रसाद खाल्ला होता.

दिवस मोजत होतो. वैशाख गेला, काही नाही. त्यापाठचा तमिळ आनी महिना गेला, काही नाही. पाय बरा होत होता, नवा फोटो चांगला होता, पण ते काही परत येत नव्हतं, आणि मी रोज सकाळी मुलीच्या तोंडाकडे बघायचो आणि विचारायचं धाडस होत नसे. तेवढ्यात मास्तर यायचे थांबले. छातीचं दुखणं होतं. काकूंनी फोनवर सांगितलं, घरीच असतात, पडून.

श्रावणाच्या तोंडावर, आडी महिन्यातल्या एका सकाळी मी इडली खात होतो. अक्का चटणी वाढत होती. मैथिली मोरीतून बाहेर आली, दारात उभी राहिली आणि आम्हा दोघांच्या मध्ये बघत मोठ्याने म्हणाली, "अप्पा. आज चिंचोका."

मी अक्काकडे बघितलं. मागच्या खोलीतली चटई, वेगळा पेला, वीस वर्षं मी न बोललेलं सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलेलं मला दिसलं. मग तिने माझ्या शेजारी ताट मांडलं. "बैस," ती म्हणाली. "आधी खा. इथेच." पुढच्या महिन्यात चटई परत निघाली, ते जाऊ द्या, साठ वर्षांचं वळण एका इडलीने जात नाही. पण त्या दिवशी पोर आमच्यात जेवली.

जेवून झाल्यावर मैथिली म्हणाली, "पापनाशमला जायचं."

मास्तरांच्या घरी दारापासून खोलीपर्यंत लांब बोळ आहे, लाल फरशीचा. टोकाला कॉटवर मास्तर, डोळे मिटलेले. आता ते खरंच झोपले असते तरी मला कळलं नसतं. मैथिलीने चपला काढल्या आणि अनवाणी बोळातून चालत गेली.

"कोण ते?" मास्तर म्हणाले.

"ओळखा, सार."

ते हात जरासा उचलून म्हणाले, "परत जा. पळत ये. हळू."

ती दारापर्यंत गेली आणि हलकी पळत आली. मी भिंतीला चिकटून उभा. मला पूर्वीसारखंच काही ऐकू येत नव्हतं, फक्त माझी छाती वाजत होती. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली.

"दोन्ही सारखे," मास्तर म्हणाले. आठी गेली. मग, "रघू, तू तीच चप्पल घालून आलास."

मैथिलीने पाट मागितला. काकूंनी फडताळातून काढून दिला. तिने आपल्या खळग्यातले पाच चिंचोके एकेक करून उचलले आणि काकूंच्या हातावर परत ठेवले. खळगा रिकामा झाला. मग तिने ओंजळ पुढे केली, आणि काकूंनी त्यातलाच एक तिला परत दिला. तो लाकडावर पडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

मास्तर महाळयात गेले. सेल्वी पाय ओढत पोचवायला आली होती. तिने मास्तरांच्या पिशवीतला चिक्कीचा डबा मागून नेला आणि दुसऱ्या सोमवारी भरून परत पाठवला.

काकू अजून सकाळच्या गाडीने येतात. मुलींना धावायचं शिकवायला एक तरुण बाई येते, हुशार आहे, पाटाचं तिला काकूंनी समजावून सांगितलंय. शनिवारी घडीच्या खुर्चीत मी बसतो. डोळे मिटून बघितलं. कावळे, बस आणि बावीस पावलं, सगळी एकसारखी. मास्तरांचे कान मला मिळाले नाहीत. म्हणून मी तोंडाने विचारतो. एकेकीला. खाल्लंस का, दुखतं का, पाळी आली का. पहिल्या आठवड्यात माझे कान तांबडे झाले आणि एक पोरगी मैथिलीला म्हणाली, "तुझे अप्पा झाडाला का विचारतात?" आता मी बहुतेक वेळा मुलींकडे बघून विचारतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा तिरुची आहे. काल मैथिली पूर्ण पंधराशे मीटर धावली. घड्याळ काकूंच्या पिशवीत होतं. शेवटच्या वळणावर ती आली तसे माझे डोळे आपोआप मिटले, आणि काही कळत नसताना मी ऐकत बसलो, श्वाससुद्धा न घेता. पावलं आली, हळू झाली, खुर्चीसमोर थांबली. मी विचारायच्या आतच ती धापा टाकत म्हणाली, "अप्पा, डावा ठीक आहे. उजवा ठीक आहे. डोळे उघडा."